एका गुंड्याचा मफलर

बसा.

घाई नाही. ओसरीवर उन्हाचा पट्टा आलाय, त्यात बसा. पाठ भिंतीला टेकू द्या. मांडी घाला, नाहीतर पाय पसरा. जसं बरं वाटेल तसं.

हे बाजारहत्नूर. आदिलाबाद जिल्हा, तेलंगण. हत्नूर इथे दोन आहेत. एक गुडीहत्नूर, ते नागपूर-हैदराबाद महामार्गावर, ट्रकांच्या आवाजात. दुसरं हे, इचोड्याकडून आत वळल्यावरचं. आजच्या कामाला हेच बरं.

दिवस पौषाचे आहेत. तेलंगणातली सगळ्यात कडक थंडी याच भागात पडते. रात्री पारा दहाच्या खाली जातो, एखाद्या पहाटे पाच-सहावर येऊन टेकतो. शेकोटीभोवती बसलेली माणसं ऊन चढल्याशिवाय उठत नाहीत.

आता ती उठली आहेत. राखेत अजून ऊब आहे.

एक श्वास घ्या. हवा नाकपुड्यांच्या कडेला गार लागते. सोडताना तीच कोमट निघते.

आणखी एक.

एवढाच फरक बघत राहा. आत गार. बाहेर कोमट.

*

मांडीवर बघा. लोकरीचा गुंडा आहे. एकच. डाळिंबी.

उचलू नका अजून.

उन्हाकडची बाजू उजळ आहे, मांडीकडची गडद. दोऱ्याचे पदर एकमेकांवरून तिरके गेलेत. त्यातला एक पदर डोळ्यांनी धरा आणि त्याच्या मागे जा. तो कडेपर्यंत जातो, वळतो, दुसऱ्या पदराखाली शिरतो. तिथे तो हरवतो.

हरवू द्या. दुसरा धरा.

गुंड्याभोवती कागदाची पट्टी आहे. तिच्यावर वजन छापलंय, रंगाचा नंबर, लॉटचा नंबर. स्वेटर विणणाऱ्या बायका दुकानात हे लॉट नंबर जुळवत उभ्या राहतात, कारण एखादा गुंडा दुसऱ्या लॉटचा निघाला की ऐन पाठीवर रंगाची पट्टी उमटते. तुमच्यामागे ती भानगड नाही. गुंडा एकच आहे.

पट्टी काढा. बाजूला ठेवा.

आता उचला. दोन्ही ओंजळीत घ्या.

शंभर ग्रॅम. हाताला जवळजवळ काहीच लागत नाही. यात दोनशे मीटरच्या आसपास दोरा आहे, जाडीप्रमाणे थोडा कमी, थोडा जास्त. उलगडला तर ही गल्ली ओलांडून परत येईल.

हलकेच दाबा. बोटं आत जातात. सोडा. तो पुन्हा फुगतो, सावकाश, पूर्ण नाही.

परत दाबा. परत सोडा.

ही लोकर मेंढीची नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. हे अ‍ॅक्रिलिक. खनिज तेलापासून काढलेला धागा. मेंढीची लोकर बघायची तर धनगराच्या खांद्यावरची घोंगडी बघा, काळी, चिंचोक्याची खळ दिलेली, अंगाला टोचणारी. ती टोचते तितकी ऊब देते. हा गुंडा टोचत नाही. तो गालाला लावून बघा.

थोडा वेळ तसाच राहू द्या.

*

आता ऐका.

पाठीमागे दार उघडं आहे. आतल्या खोलीत कापूस भरलाय, जमिनीपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत. वेचणी चालू आहे आणि सगळाच माल लगेच विकला जात नाही. काही दिवस तो माणसांबरोबर घरात राहतो.

रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो. आवाज समोरून येतो, अंगावरून पाठीमागे जातो आणि त्या खोलीत शिरतो. तिथून काहीच परत येत नाही. कापूस आवाज शोषून घेतो.

तुमच्या पाठीशी ती शांतता आहे. समोर गाव आहे.

कोंबडी. बादली. कुणीतरी तेलुगूत हाक मारतं, कुणीतरी मराठीत ओ देतं.

ऐकत राहा. आवाजांची नावं ठरवायला जाऊ नका. ते येतात. जातात.

कापसाच्या ढिगाशेजारी बसून कारखान्यातल्या अ‍ॅक्रिलिकने विणायचं, हे जरा विचित्रच आहे खरं. पण दारातला कापूस सरकीसकट जिनिंगला जातो, आणि त्याचं सूत होऊन कुणाच्या हातात पडतं ते पिकवणाऱ्याला कधी कळत नाही. असो. विचार आला, गेला. गुंड्याकडे परत या.

*

हात बघा.

तळवे वर करा. मग पालथे घाला. नखांजवळची कातडी बघा. थंडीने ती कोरडी पडली आहे.

शेजारच्या ओसरीवर जी बाई बसली आहे, तिचे हात कापूस वेचून आलेत. वाळलेल्या बोंडाची टोकं धारदार असतात. बोंड उमलतं, कापूस बाहेर येतो, आणि कवच मात्र चार-पाच टोकदार पाकळ्या करून तिथेच थांबतं. वेचणाऱ्या बोटांना ते रोज ओरबाडतं. नखाच्या मुळाशी बारीक चिरा पडतात, त्यात शेतातली काळी माती बसते आणि धुऊनही निघत नाही.

अशा बोटांतून लोकर नीट चालत नाही. दोऱ्याचा एखादा तंतू भेगेला अडकतो. तो सोडवून घ्यावा लागतो.

म्हणून आधी तेल. खोबरेलाची बाटली उन्हात ठेवलेली आहे, कारण रात्रभरात ते गोठून पांढरं झालंय. बघा, कडेने वितळायला लागलंय. मधला गोळा अजून घट्ट आहे.

थांबा. त्याला वेळ लागेल.

वितळू द्या.

आता एक थेंब. तळव्यावर. दोन्ही हात चोळा, बोटांच्या फटीत, नखांच्या कडेला. मग जुन्या फडक्याला पुसा, नाहीतर लोकरीला डाग पडेल.

हात ऊनऊन झालेत. ते मांडीवर ठेवा.

एक श्वास.

*

दोऱ्याचं टोक शोधा.

टोकं दोन आहेत. एक बाहेर, वरच्या पदराखाली खोचलेलं. दुसरं आत, पोटात. बाहेरचं घेतलंत तर गुंडा घरंगळेल. दर ओढीला मांडीवरून उतरेल, ओसरीवरून अंगणात जाईल, मांजर त्याच्यामागे लागेल. आतलं घेतलंत तर तो जागेवर बसेल आणि हळूहळू पोटातून रिकामा होत जाईल.

दोन बोटं आत घाला. चाचपा. आत ऊब आहे, बाहेरच्यापेक्षा जास्त. काहीतरी हाताला लागतं. ओढा.

पहिल्यांदा गुंताच येतो बाहेर. येऊ द्या. त्यात टोक असतं.

आता सुई. क्रोशाची सुई एकच असते, टोकाला आकडा. ही चार मिलिमीटरची. मधे चपटी जागा आहे, तिथे नंबर कोरलेला असायचा. अंगठ्याने घासून घासून तो पुसट झालाय. त्या चपट्या जागेवर तुमचा अंगठा ठेवा. जागा आधीच तयार आहे.

सुई किनवटहून आली आहे. किनवट १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होतं. भाषेवर राज्यं तोडली तेव्हा ते नांदेडात गेलं, शेजारचं बोथ आणि हे बाजारहत्नूर इकडेच राहिलं. सोयरिकी काही तोडता आल्या नाहीत. लेकी इकडून तिकडे जातात, तिकडून इकडे येतात, आणि त्यांच्या पेटीत सुई असते, विणलेला एखादा नमुना असतो.

सुई गार आहे. मुठीत धरा. तिला तुमच्याएवढी ऊब येईपर्यंत धरा.

*

सरकगाठ घाला. फासा सुईवर चढवा. टोक ओढा.

फार आवळू नका. फासा सुईवर मनगटातल्या बांगडीसारखा असावा: फिरतो, पण आपोआप निघत नाही.

डाव्या हाताच्या करंगळीला दोऱ्याचा एक वळसा द्या. मग तो मधल्या बोटांखालून घेऊन तर्जनीवर आणा. दोरा आता तुमच्या चार बोटांतून जातो आहे. तर्जनी किंचित वर उचला. तो ताणला जातो. खाली आणा. सैल होतो.

वर. खाली.

एवढं जमलं की विणकामातलं अवघड संपलं, असं मला वाटतं. बाकी सगळं या बोटाच्या वर-खाली होण्यात आहे.

आता साखळी.

दोरा आकड्यात धरा. फाशातून ओढून काढा. झाली एक.

दोरा धरा. ओढून काढा. दोन.

बघा, सुटलेला फासा खाली बसलाय. दोन तिरक्या रेघा, तळाशी एकत्र आलेल्या. त्याखाली तशाच आणखी दोन.

बावीस घालायच्या आहेत.

मोजा. शेजारच्या ओसरीवर आजी मोजते आहे, एक, दोन, तीन. तिची नात तेलुगू शाळेत जाते. ती म्हणते ओकटी, रेंडू, मूडू. वाटेने जाणारी गोंड बाई हसते, तिने मोजलं असतं तर उंदी, रंड, मूंड म्हणाली असती. साखळ्या तेवढ्याच होतात.

नातीच्या साखळ्या इतक्या घट्ट आहेत की सुई शिरत नाही.

"हात सैल सोड गं बाई," आजी म्हणते. "दोरा काय पळून चाललाय?"

तुमचेही खांदे बघा. ते कानांकडे चढलेत का? खाली सोडा. जबडा सैल सोडा. दात एकमेकांवरून उठू द्या.

आता पुढची साखळी.

अंक मनात उच्चारा, ओठांनी नको. चुकला तर मागे जाऊन मोजा. अंक धरून ठेवण्याची गरज नाही. साखळ्या तिथेच आहेत, त्या कधीही पुन्हा मोजता येतात.

बावीस.

थांबा. हात खाली ठेवा. साखळी बोटांवर लोंबू द्या. ती स्वतःभोवती फिरते, एकदा इकडे, एकदा तिकडे.

स्थिर होईपर्यंत बघा.

*

आता खांब.

सगळ्यात आखूड खांब म्हणजे मुका खांब. तो घट्ट बसतो, वारा आत येऊ देत नाही, पण दोरा फार खातो. एका गुंड्यात भागवायचं तर साधा खांब घ्यावा.

दोरा सुईवर एकदा घ्या.

सुईपासून चौथी साखळी शोधा. आधीच्या तीन साखळ्या मिळून एक खांब धरायचा. चौथीत सुई घाला.

दोरा आकड्यात धरा, ओढून पुढे आणा. सुईवर आता तीन फासे आहेत. मोजा.

दोरा घ्या. दोन फाशांतून काढा. उरले दोन.

दोरा घ्या. दोन्हींतून काढा.

उरला एक.

इथे थांबा.

सुईवर एकच फासा आहे. बाकी सगळं आपापल्या जागी बसलं. साखळ्या बसल्या, खांब उभा राहिला. उघडा आहे फक्त हा एक.

दोन सुयांच्या विणकामात असं नसतं. तिथे अख्खी ओळ सुईवर असते, चाळीस टाके असतील तर चाळीसच्या चाळीस, आणि एक निसटला की तो खाली खाली घसरत जातो, त्याला पकडायला माणूस घाबरून सुया उचलतो. क्रोशात दर खांबाच्या शेवटी मोजायला एकच उरतो. मला हे फार आवडतं. थकलेल्या माणसाच्या हातात देण्यासारखं काम आहे हे.

त्या एका फाशाकडे बघा.

श्वास आत घ्या. तो तिथेच आहे.

सोडा. तिथेच आहे.

पुढचा खांब.

दोरा घ्या. घाला. ओढा. तीन. दोन. एक.

परत.

दोरा घ्या. घाला. ओढा. तीन. दोन. एक.

माझ्या शब्दांची आता गरज नाही. ओळ संपेपर्यंत तुम्ही विणा. मी गप्प बसतो.

*

वीस खांब झाले. तीन साखळ्या घाला. काम उलटवा.

मघाची उजवी बाजू आता तुमच्या डावीकडे आली. सुई तीच, हात तोच; कापड वळलं.

दुसरी ओळ पहिल्या ओळीच्या माथ्यावर उभी राहते. प्रत्येक खांबाला वर दोन धागे आहेत, दोन्हींच्या खालून सुई घाला. घालताना आवाज होतो, अगदी बारीक. अ‍ॅक्रिलिकवर धातू घासल्याचा. कान जवळ न्या.

ऐकलंत?

परत घाला. परत ऐका.

ओळीचं टोक आलं की सावकाश व्हा. तिथे एक जागा लपलेली असते. मागच्या ओळीच्या सुरुवातीला ज्या तीन साखळ्या घातल्या, त्यांच्या माथ्यावर शेवटचा खांब घालायचा. तो राहून गेला की दर ओळीला मफलर एका खांबाने अरुंद होतो, आणि वीतभर विणून झाल्यावर लक्षात येतं की त्याचा त्रिकोण व्हायला लागलाय. आजीकडे असे त्रिकोण आलेत बरेच. ती हसत नाही, नुसती कापड उन्हात धरते आणि कडेवरून अंगठा फिरवते.

तुम्ही फिरवा अंगठा. कड सरळ लागते का बघा.

*

आता एक करा. दचकू नका.

सुई फाशातून काढून घ्या.

फासा उघडा पडला. तो मोठा होतो, जागेवरच थांबतो. त्याला कसलीही घाई नाही.

दोरा धरा आणि हळू ओढा. एक खांब सुटतो. टप. दुसरा. टप. दोऱ्यात प्रत्येक वेळी एक छोटा झटका जाणवतो, बोटांपर्यंत येतो. ओढत राहा. एक ओळ जाऊ द्या.

मांडीवर दोरा पडलाय. तो आता सरळ नाही. जिथे जिथे वळला होता तिथे तिथे वळण राहिलंय, बारीक नागमोडी. त्याच्यावरून बोट फिरवा.

हे वळण जाईल. पुन्हा विणलं की कळणारही नाही.

फासा उचला. सुईवर चढवा. तीच ओळ पुन्हा विणा.

दोरा घ्या. घाला. ओढा. तीन. दोन. एक.

*

ऊन सरकलंय. तुम्हीही सरका.

विणता विणता दूरवरचं पाणी आठवा.

कडेम नदी याच मुलखात उगम पावते. या मंडळातच, गिरनूरजवळ, तिच्यावर कनकाईचा धबधबा आहे. पुढे नेरडीगोंड्याच्या जंगलात ती कुंतलाच्या कड्यावरून पंचेचाळीस मीटर खाली उतरते. पौषात तिचा जोर ओसरलेला असतो. खडक जास्त, पाणी कमी. पण ते थांबलेलं नसतं.

त्या पाण्याबरोबर मनाने जा. खांब घालत राहा, आणि जा.

कडेम गोदावरीला मिळते. गोदावरी पूर्वेला जाते, भद्राचलम ओलांडते, पापिकोंडलूच्या डोंगरांतून निघते, राजमहेंद्रीपाशी पसरते. मग तिचे फाटे होतात. वशिष्ठ नावाच्या फाट्यावर, समुद्राच्या तोंडाशी, नरसापूर आहे.

नरसापुरात या घडीला बायका अंगणात बसल्या आहेत. त्यांच्या हातात क्रोशाची सुई आहे. दोरा पांढरा, सुती, तुमच्या लोकरीपेक्षा कितीतरी बारीक. सुईही तशीच बारीक. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे ही लेस शिकवली. तेव्हापासून आईकडून लेकीकडे ती चालत आली. २०२४ साली तिला भौगोलिक (जीआय) मानांकन मिळालं.

त्यांच्यावर १९८२ साली एक पुस्तक आलं. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी लिहिलेलं. त्यातलं एक निरीक्षण माझ्या डोक्यातून जात नाही: लेस परदेशी जात होती, तिच्यावर व्यापारी मोठे होत होते, आणि विणणाऱ्या बायकांना मात्र घरी बसलेल्या समजत होते. फावल्या वेळचं काम, म्हणून फावल्या वेळचीच मजुरी.

हे ऐकून मनात काही हललं असेल तर हलू द्या. त्याला उत्तर द्यायला आत्ता जाऊ नका. ते शेजारी बसेल. तुम्ही ओळ पुरी करा.

तीन. दोन. एक.

त्यांच्याही सुईवर या क्षणी एकच फासा आहे.

*

आपल्याकडे क्रोशा म्हटलं की रुखवत डोळ्यांपुढे येतं. ताटावर झाकायचा रुमाल, दाराचं तोरण, देव्हाऱ्यातलं आसन, टीव्हीवरचं पांढरंशुभ्र झाकण. मांडवात चार बायका ते हातात घेऊन बघतात, उलटं करून गाठी तपासतात, आणि मग ते पेटीत जातं. वर्षानुवर्षं तिथेच राहतं, डांबरगोळीचा वास घेत.

मफलर पेटीत ठेवायचा नाही.

तो कुणासाठी आहे, ते आता आठवा. सुरुवातीला नाही विचारलं मी. हात बसल्यावरच हे विचारावं.

समजा, घरातले बाबा आहेत. कापूस भरून आदिलाबादच्या मार्केट यार्डात जायचं तर गाडी पहाटेच काढावी लागते. यार्डात रांग लागते. कापसात ओल किती ते बघतात, त्यावर भाव ठरतो. पहाटेचं दव, उघडी ट्रॉली, गळ्याभोवती जुना टॉवेल. टॉवेल दवाने भिजतो.

तो गळा डोळ्यांसमोर आणा. मागे मानेवर केस कापल्याची रेघ. उन्हाने रापलेली कातडी, शर्टाच्या कॉलरच्या आत मात्र उजळ.

तिथे गार वारा लागतो.

तेवढंच बघा. आणि विणा.

कुणी वेगळं असेल तुमचं, तर त्याची मान बघा. किंवा तिची.

दोरा घ्या. घाला. ओढा.

*

दुसरा दिवस. तीच ओसरी, तोच पट्टा.

आज मोजायची गरज पडत नाही. बोटं वीसला आपोआप थांबतात. मनाला काम उरत नाही, म्हणून ते फिरायला जातं: गॅस संपत आलाय, शाळेची फी, कुणीतरी काल फोनवर जरा तुटक बोललं.

जाऊ द्या.

परत आलं की त्याला काय दिसतं बघा. फासा. एक.

पुन्हा जाईल. पुन्हा येईल.

कापड आता मांडीवरून खाली उतरलंय. त्याच्याखाली गुडघा गरम झालाय. तुम्ही ते विणता आहात आणि ते तुम्हाला आधीच पांघरलं गेलंय. हाताने तो गरमपणा चाचपा. खांबांच्या मधे बारीक फटी आहेत. उन्हात धरलं तर पलीकडचं अंगण दिसतं, डाळिंबी. खांबांच्या आणि फटींच्या हवेतच ऊब राहते. दोरा फक्त हवेला धरून ठेवतो.

गुंडा बघा.

तो बसका झालाय. पोटातून रिकामा होत होत त्याची नुसती साल उरली आहे, चार-दोन पदरांची. बोटाने ढकललं की कोसळते.

कोसळू द्या. आता दोरा मांडीवर मोकळा आहे. शेवट दिसतो.

इथे हात आपोआप घाई करतात. बघा तुमचे करतात का. टाके थोडे मोठे होतात, श्वास वर अडकतो.

हात खाली ठेवा.

तीन श्वास. बाकी काही नाही.

आता शेवटचा दोरा मफलरच्या रुंदीवर आडवा धरून मोजा. एका ओळीला पुरेल एवढा असला तर आणखी एक ओळ घाला. त्याहून कमी असला तर घालू नका. अर्धी ओळ घालून अडकण्यापेक्षा आहे तिथे थांबलेलं बरं. मफलर किती लांब होणार, हे तुम्ही ठरवलं नव्हतं. गळ्याभोवती एकदा वळून टोकं छातीवर आली की पुष्कळ झालं.

शेवटचा खांब.

दोरा घ्या. घाला. ओढा. तीन. दोन. एक.

वीतभर दोरा ठेवून कापा. ते टोक आकड्यात धरा आणि त्या एका फाशातून पूर्ण बाहेर काढा. हळू आवळा.

सुईवर आता काहीच नाही.

सुई मांडीवर ठेवा. अंगठ्यावर चपट्या जागेचा ठसा उमटलाय. तो चोळू नका. आपोआप जाईल.

लोकरीची मोठ्या नेढ्याची सुई घ्या. दोन्ही टोकं ओवून खांबांच्या आतून तिरकी फिरवा, एकदा पुढे, एकदा उलट दिशेला, म्हणजे धुतल्यावर सुटत नाहीत. दोरा उरला असेल तर त्याचे तुकडे करून कडेला गोंडे बांधा. नातीला द्या ते काम. ती मूडू, नालुगु करत बांधेल.

मग कोमट पाण्यात थोडी साबणपूड टाकून मफलर बुडवा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आणि सावलीत खाटेवर आडवा पसरा, दोरीवर टांगला तर लांबेल. इस्त्री अजिबात दाखवू नका, ही लोकर मऊ होऊन चिकटते. बाबांना सांगून ठेवा, शेकोटीच्या फार जवळ बसताना टोकं आत घ्यायची.

ट्रॉली परवा पहाटे निघणार आहे. या थंडीत वाळायला एक दिवस जातो, म्हणून आजच धुवा.